सतरा नंबरचा शिंपला

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या घरामागच्या धक्क्याखाली पिंजरा टांगून आले, तो जप. आत चाळीस जिवंत शिंपले आहेत. प्रत्येकाची लांबी मोजून नेलपॉलिशने नंबर घातलाय. गाळात विष असेल तर ते शिंपल्याच्या मांसात साठतं, म्हणून गाळाची चौकशी आम्ही शिंपल्यांकडे करतो. तुझी खाडी कारखान्यांपासून लांब आहे, त्यामुळे ती स्वच्छच असणार. दोन महिन्यांनी त्यातले दहा बर्फात घालून पाठव. चाळीसचे चाळीस सांभाळ हं, नाहीतर साहेब मलाच पिंजऱ्यात घालतील.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

६ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दहा पाठवलेत. उरलेले तीस ठणठणीत आहेत. नेलपॉलिशची बाटली इथेच विसरलीस. या वयात मला नटवायचा बेत दिसतो. सूनबाईला पाचवा महिना लागला. तिला रोज शिंपले हवेत, तेही आपल्याच खाडीतले. देऊ ना? तुझ्या शब्दावर आहे सगळं.

तब्येतीला जप, आठवण ठेव.
ताई

२० मे

ती. ताईस, सा. न.

तुझे शिंपले अगदी स्वच्छ निघाले. सूनबाईला खुशाल खाऊ दे.

धाकटी

११ जुलै

ती. ताईस, सा. न.

आज जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. सतरा नंबरचा शिंपला मार्चमध्ये बावन्न मिलिमीटर होता, तू पाठवलास तेव्हा सत्तेचाळीस. शिंपला वाढतो किंवा मरतो, आखडत नाही. खरं काय ते लिही.

धाकटी

१५ जुलै

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पहिल्याच महिन्यात अकरा मेले. तुला बोलणी बसतील म्हणून पाठवायच्या आदल्या दिवशी बाजारातून तेवढेच जिवंत आणले, तुझ्याच बाटलीने नंबर घातले. पाठवताना टवटवीत दिसले ते निवडले, म्हणजे बाजारातलेच. सूनबाईच्या हातून हल्ली पेला निसटतो. आम्ही अशक्तपणा समजत होतो. मला फार भीती वाटतेय गं.

ताई

१७ जुलै

ती. ताईस, सा. न.

शिंपले आजपासून बंद. परवा सकाळच्या बसने येते, सूनबाईला रक्ततपासणीला नेऊ. तू स्वतःला बोल लावू नकोस. चाळीस सांभाळ म्हणणारी मी आणि खुशाल खाऊ दे म्हणणारीही मीच, तेव्हा तिला मीच सांगेन. पिंजऱ्याला आता हात लावू नकोस. आणखी मेले असतील तर ते मला मेलेलेच हवेत.

माझ्यावरची माया तेवढी राहू दे.
धाकटी