तामुरांच्या हातातला नारळ

बुध., १९ ऑक्टो. २०१६
आज पुन्हा तामुरा, ते जपानी बेसबॉलपटू. उजवा हात, म्हणजे बॉल फेकायचाच. कोपरातली नस दबलेली, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. मूठ आवळा म्हटलं की ही दोन बोटं मागेच राहतात. सर्जननी स्पष्ट सांगितलंय: ऑपरेशन करा आणि बेसबॉल सोडा, असंच फेकत राहिलात तर बोटं परत यायची नाहीत. तामुरांना मात्र अजून एक सीझन खेळायचाय. जपानात कुणाला कळू नये म्हणून इतक्या लांब, परदेशात, आमच्या नोव्हेनातल्या क्लिनिकमध्ये उपचार. मला ‘सेन्सेई’ म्हणतात, जपानीत डॉक्टरांना, गुरूंना म्हणतात तसं. मी साधी फिजिओ, कानकोंडं होतं.

शुक्र., २१ ऑक्टो.
निखिल न्यायला आला, बरोबर त्याच्या बँकेतला एक जपानी. लिफ्टमधून तामुरा बाहेर आले आणि तो गृहस्थ कमरेत वाकला तो उठेचना. झालं. जेवताना नवऱ्याकडून सगळी कुंडली: दोनदा वर्षातला सर्वोत्कृष्ट पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर, टीमला विजेतेपद, आणि एक अख्खा सामना असा की समोरचा एकही बॅट्समन पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचला नाही. “म्हणजे बघ, दहाच्या दहा विकेट, त्याही शून्यावर!” तसं नसतं म्हटलं. ऐकतोय कोण. लगेच पुढे, “आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला प्रमुख पाहुणे!”
पेशंट आहेत, विचारायचंसुद्धा नाही, असं बजावलंय.

मंगळ., २५ ऑक्टो.
ह्या निखिलने तामुरांना परस्पर विचारलं! लॉबीत गाठून. आणि ते हो म्हणाले. मी तामुरांना म्हटलं, अजूनही नाही म्हणा, कुणाला वाईट वाटणार नाही.
“आजारी असतो तर म्हटलं असतं. मी आजारी नाही.”
निखिलशी अबोला. चकल्या एकटीने केल्या. निम्म्या मऊ पडल्या.

शनि., ५ नोव्हें.
लिहवत नाही. तरी.
मंडळाच्या दिवाळीत तामुरांचा परिचय मलाच वाचायला लावला. मराठीत. वाचताना छान वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रत्येक विजयाला टाळ्या. मग अध्यक्ष अभ्यंकर काकांनी शाल घातली, नारळ दिला. तामुरांनी दोन्ही हातांनी घेतला, भार सगळा डाव्यावर. मी बघत होते. निभावलं असं वाटलं.
तेवढ्यात काका, “वन फोटो, सर! लाइक बॉल! राइट हँड!”
मी माइकसमोर उभी. नको, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का ते सांगावं लागलं असतं. तामुरांनी नारळ उजव्या हातात घेतला, खांद्याच्या वर नेला, आणि तो सुटला. स्टेजवर आपटून फुटला. पाणी शालीवर.
आणि काका, “श्रीफळ वाढवलं! शुभारंभ झाला!” सगळे उठून टाळ्या. तामुरा वाकून वाकून माफी मागतायत आणि आमचे लोक टाळ्या वाजवतायत. मला रडू आलं.
टॅक्सीत लेक इरा, तिच्या इथल्या इंग्रजीत, “आई, पिचर व्हॉट. हाऊ कॅन ड्रॉप?” पिचरच्या हातून सुटतोच कसा, म्हणे. निखिल खिडकीबाहेर बघत राहिला. हाताचं काय ते त्याला कळलंय.

सोम., ७ नोव्हें.
नारळ सुटल्याचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर, तिथून निखिलच्या बँकेत, तिथून पार जपानात. निखिलने काकांच्या मागे लागून तो काढून टाकायला लावला, पण व्हायचं ते झालं. तामुरांच्या टीमच्या माणसाने पाहिला. पुढच्या सीझनचा करार त्याच्याच हातात. गुरुवारी सकाळी मला फोन करणार, हाताला काय झालंय विचारायला. तामुरांनीच नंबर दिला.
“काय सांगू त्यांना?”
“नारळ ओला होता.”
हसून म्हणाले. मी हसले नाही.

बुध., ९ नोव्हें.
पकड आज पुन्हा तपासली. सुधारणा नाही, उलट थोडं खालीच. सांगून टाकलं की सर्जनचं बरोबर आहे. ऐकलं न ऐकल्यासारखं करून म्हणाले, “शनिवारी तुम्ही किती छान वाचलंत. मला शब्द कळले नाहीत, पण लोकांचे चेहरे दिसत होते. उद्या त्या माणसाशी तसंच बोला.”
जाताना दारात थांबले. “टाळ्या का वाजवल्या सगळ्यांनी?”
सांगितलं, आमच्यात चांगल्या कामाची सुरुवात नारळ फोडून करतात.
उजव्या हाताची ती दोन बोटं डाव्या हाताने मिटवत राहिले. सोडली की उघडत होती.
“कशाची सुरुवात, सेन्सेई?”
मी त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.
निखिल म्हणतो, खरं ते सांग. ते मलाही कळतं. बोटं कायमची गेली तर मी स्वतःला माफ करणार नाही. पण ‘नारळ ओला होता’ हे वाक्य दुपारपासून तोंडात तयार आहे.
फोन दहा वाजता.