एका अक्षराचा बिल्ला

लडलो, १० सप्टेंबर १६७२

प्रिय थॉमसिन हीस सप्रेम नमस्कार.

हेरफर्डला बहिणीकडे तुझी प्रकृती उत्तम असावी. इकडे नव्या पिंपातली बिअर निवळली. तुझ्या हातची नितळता तिला नाही. हे मत माझे नव्हे, गिऱ्हाइकांचे.

राजाज्ञा तिकडेही वाचली गेली असेल. राजाचे तांब्याचे फार्दिंग, पाव पेनीचे नाणे, निघाले. सुट्ट्या पैशांसाठी मद्यगृहांनी पाडलेले बिल्ले बंद. आज्ञेची वाक्यरचना सदोष आहे, तरी ती आज्ञाच.

त्यामुळे आपले बिल्लेही परत येत आहेत: एका बाजूस आपल्या पाटीवरचे हरिण, दुसरीकडे वर आपल्या आडनावाचे अक्षर, खाली तुझे नि माझे. मी ते राजाच्या नाण्यांत बदलून देतो आणि तांबट वितळवतो.

एक गोष्ट कळवायची राहिली. ईस्टरला तू गेल्यावर मी नवा ठसा कोरवून घेतला. त्यात तुझे अक्षर ठेवले नाही. कोरीवकाम निर्दोष होते. कारागिराच्या शेजारी मी स्वतः उभा होतो. पहिला बिल्ला मेणबत्तीवाल्या ऑड्रीबाईंना दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"बाईचं अक्षर कुठं गेलं, मास्तर?"

"ती इथे नाही."

"मग हा बदलायला मी कुणाकडे येऊ? तुमच्याकडे? सुटे मागितले तर तुम्ही माझं व्याकरण काढाल!"

त्यांच्या दुकानातले सारे हसले. खाटकानेही घेतला नाही. पाचशे बिल्ले पेटीत कोरे करकरीत पडून आहेत. तुझ्या अक्षराचे जुने मात्र, झिजून गुळगुळीत झालेले, गेल्या आठवड्यापर्यंत सारा बाजार घेत होता.

लोकांचा भरवसा माझ्या विद्येवर आहे, अशी माझी समजूत होती. ईस्टरला पाहुण्यांदेखत तुझ्या अडखळत्या वाचनाची मी नक्कल केली, तीही त्याच समजुतीच्या भरात. हे पत्र तुझी बहीणच तुला वाचून दाखवणार, म्हणून आरंभी जपून लिहीत होतो. आता तिनेही ऐकावे.

मुशीत पडण्यापूर्वी एक जुना बिल्ला काढून ठेवला. सोबत धाडतो आहे. हेरफर्डात त्याला कोणी विचारणार नाही. त्याचे पैसे केवळ आपल्या दाराशी मिळत, आणि आता कायद्याने तो इथेही चालत नाही.

तू स्वतः दाराशी आणलास तर घेईन. न आणलास, तर माझ्या हाती करण्याजोगे काही उरलेले नाही.

ज्याचे अक्षर एकटे चालले नाही, तो
गर्व्हेस