मांडवात पोचलेली हाक

दहिवडीच्या अलीकडचा माळ,
बाभळीखालून

तीर्थरूप आप्पासो दाजी यांना मेहुणा मल्हार याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि हरणाक्का सांगलीच्या हळदीच्या वासात सुखी असेल, असं धरून चालतो. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. इकडं सगळं क्षेम आहे. फक्त गावच्या रेडिओवरचा माझा दुपारचा तास बंद झाला आहे. तो परत मिळेल की कायमचा गेला, हे केंद्राचे अध्यक्ष नानासो ठरवतील. मी मात्र काही मनाला लावून घेतलेलं नाही.

दाजी, तुम्हाला ठाऊकच आहे, मला बोलायला कुणी शिकवलं नाही. मेंढरामागं फिरताना कानाला रेडिओ लावायचा आणि ऐकलेल्या बातम्या मेंढरांना परत सांगायच्या, हीच माझी शाळा. (मेंढरं ऐकतात, पण शाबासकी देत नाहीत. त्यामुळं माणूस तयार होतो.) आज निवेदनात माझा श्वास कुठं सुटतो, हे कुणी दाखवून द्यावं. लाल दिवा लागला की मला खोली दिसतच नाही. आवाज माळावरनं सावलीसारखा सरकत निघालेला दिसतो. कुणाच्या झोपडीत वाकून जातो, कुठं विहिरीत डोकावतो, आणि डोंगराला टेकून बसतो. त्या तंद्रीत मी काय बोललो, हे मला लोकांनीच सांगावं लागतं.

तर त्या दिवशी विषय होता माळावरच्या हाका. मेंढरं चरायला सोडायची हाक वेगळी, पाण्यावर न्यायची वेगळी. लोक दोन्ही एकच समजतात, म्हणून मी फरक फोड करून सांगितला आणि मग आपल्या घरातली मोबाइलवर घेतलेली हाक लावली. मका टाकताना मारतात ती. नेमकी त्याच दुपारी केंद्राच्या मागं नानासोंच्या पल्लवीचा साखरपुडा होता. पाहुणे वाईचे, बोलणं मोजकं, धोतरं कडक. आपलं केंद्र त्यांनी ऐकावं म्हणून नानासोंनी मांडवातल्या कर्ण्यावर रेडिओच लावलेला. आणि पलीकडच्या रानात आबांनी खतासाठी बसवलेली आपली मेंढरं.

मला आत काहीच कळलं नाही. मी डोळे मिटून डोंगरापर्यंत गेलो होतो. मेंढरं म्हणे धावली नाहीत, ढग उतरावा तशी आली. मांडव पांढरा झाला. सगळी माना वर करून कर्ण्याकडं बघत उभी राहिली. मका काही पडेना, तेव्हा त्यांनी विड्याची पानं खाल्ली, मग झेंडूच्या माळा, आणि शेवटी नवऱ्या मुलाच्या आईचा गजरा. (केसाला धक्का न लावता. आपली मेंढरं सभ्य आहेत.)

नानासो दार ढकलून आत आले. “मल्हारी, बंद कर रं ते! व्याही टेबलावर चढल्यात!”

“नानासो, आवं, हाक अर्धी तोडली तर मेंढरं बिथरत्यात,” मी म्हणालो. हे तंतोतंत खरं आहे. पण माझा माइक चालू होता, हे विसरून ते पुढं जे बोलले, ते साऱ्या तालुक्यानं ऐकलं.

साखरपुडा झाला. पल्लवी आणि तिचा होणारा नवरा पोट धरून हसत होते, असं कळतं. माझा तास मात्र गेला. आता दुपारी मी या बाभळीखाली बसतो, बंद रेडिओ मांडीवर घेतो, आणि पूर्वी बोललेलं अजून कुठं फिरत असेल ते बघत बसतो. बरं वाटतं. खरंच.

तुमचा,
मल्हार

ता. क. बरं वाटत नाही.

ता. क. दुसरा. काल नानासोंचा निरोप आला. मेंढपाळांचे फोन थांबेनात, सगळ्यांना ती हाक परत हवी आहे. तास सुरू करायला ते तयार आहेत. पण त्यांना मी नको, हाक मारणारी बाई पाहिजे. (पावसाळ्यात आबा आजारी होते तेव्हा हरणाक्कानं इकडं येऊन मेंढरं राखली, तेव्हाची ती हाक. माझ्या हाकेला आपलं एक मेंढरू मान वर करत नाही. हे घरातच ठेवा.) तेवढं तिला आठ दिवस धाडा. आणि नानासोंना तिच्याच तोंडून सांगू द्या, की मल्हारनं ओळख करून दिल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही. ओळख दोन वाक्यांची चालेल म्हणावं. ती तासभर कशी पुरवायची, ते मी बघतो.