पूर्वेच्या कुंपणापलीकडची संत्री

ता. ११ फेब्रुवारी १९६२, वार रविवार, सकाळचे सव्वासात. हा कागद लिहायला बसण्यापूर्वी मी माझ्या बागेच्या पूर्वेच्या कुंपणाशी उभा राहून शेजारच्या झाडांवरची संत्री मोजत होतो. मृत्युपत्रात खोटे असू नये म्हणून हे आधी नोंदवतो.

मी, शंकरसिंग वल्द लखीराम राठोड, वय वर्षे २६, शिक्षण मराठी पाचवी, धंदा शेती व बागाईत, राहणार पिंपळतांडा, दिग्रसजवळ, ता. दारव्हा, जि. यवतमाळ, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पोट मात्र नाही. पोटात गाठ आहे व बुधवारी नागपूरला ती कापून काढणार आहेत. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण सोबत कोण येणार, हे त्यांनी दोनदा विचारले. म्हणून हा कागद. कोणी मला भरीस घातलेले नाही, आणि आधीचे दोन कागद शाई सांडून खराब झाल्यामुळे फाडले आहेत, ते कोणी चिकटवून पुढे आणल्यास खरे धरू नयेत.

कलम १. राहते घर, कवेलूच्या छपराचे. त्यात माझी याडी, म्हणजे आई, हंसाबाई हिने हयातभर राहावे. पुढच्या खोलीत ती विड्या ओढते, त्यावरून तिला कोणी बोलू नये. मी बोलत आलो, उपयोग झाला नाही. तिच्यामागे घर माझी पत्नी बिजलीबाई हिचे. पोस्टात जे शिल्लक असेल तेही बिजलीबाईचे.

कलम २. टेकडीखालचे कोरडवाहू शेत थोरले भाऊ प्रेमसिंग यांना द्यावे. बैलजोडी त्यांच्याकडेच आहे. तीन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी नेली होती.

कलम ३. विहिरीसह दीड एकर बाग. तिच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. उत्तरेस धुरपताबाईंची वाडी, जिथे वांग्यांच्या भाराने फांद्या जमिनीला टेकतात. दक्षिणेस सदाशिवराव गुरुजींचे आवार. त्यांचा मोगरा ते विसरले तरी फुलतो, माझा मी रोज पाणी घालून वाळला. पश्चिमेस नाला, त्याच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पूर्वेस कय्युम वल्द अब्दुल गनी यांची संत्र्याची बाग. तलाठ्याच्या कागदात वांगी आणि मोगरा येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मी माझ्या बागेत उभा राहिलो की मला माझे काही दिसत नाही, चारी बाजूंचेच दिसते. ही बाग ज्याला मिळेल त्याला तिची ही खोड माहीत असावी.

बाग, विहीर, मोट, कात्र्या व विळे बिजलीबाईला दिले आहेत. प्रेमसिंग यांचा त्यावर हक्क नाही. भर कापसाच्या बाजारात ते म्हणाले, "शंकऱ्या गेला तं मी ते काटे उपटून पऱ्हाटी लावतो." मी अजून गेलेलो नाही.

काटे का म्हणाले, तेही लिहावे लागेल, नाहीतर पुढचे कलम कळणार नाही.

संत्र्याचे झाड नुसते बी टाकून करत नाहीत. आधी जंबेरीचे रोप वाढवायचे. जंबेरी म्हणजे जाड सालीचे आंबट लिंबू. रोपाच्या खोडाला चीर देऊन तिच्यात चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बांधायचा. डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा कापायचा. मग मुळे तेवढी जंबेरीची राहतात आणि वर संत्रे वाढते. पाच वर्षांपूर्वी मी कय्युमभाईंकडे डोळे मागितले, तेव्हा त्यांनी पसंतीच्या झाडाच्या काड्या घेऊ दिल्या. एवढेच म्हणाले, "आता ऊन तापलं शंकर. थंडीपर्यंत थांब ना यार, घाई काय हाय?"

घाई ही होती की त्यांची झाडे माझ्या कमरेच्या वर गेली होती. मी चैत्रात डोळे बांधले, आणि ते फुटायची वाट न पाहता शेंडेही कापले.

फूट आली, आणि जोरात आली. दोन वर्षांत माझी झाडे कय्युमभाईंच्या झाडांच्या वर निघाली. ते कुंपणाशी आले.

"डोळा मेला तुहा. हे खालून वाढून राह्यलं. पान पाह्य, काटा पाह्य केवढा हाय. जंबेरी हाय हे. काप."

मी म्हणालो, "तुमच्या झाडाले एवढी उंची येऊ द्या, मंग बोला."

मला वाटले, आता जळायची पाळी त्यांची आहे. तीन वर्षे मी त्या समजुतीवर सुखाने काढली. तेवढी झोप मला आधी लागली नव्हती, नंतरही नाही.

यंदा पहिला बहार आला. पहिले फळ मी मुद्दाम कय्युमभाईंनाच दिले. त्यांनी सोलून सगळे खाल्ले, तोंडही वाकडे केले नाही. म्हणाले, "रस लय हाय." दुसरे प्रेमसिंग यांनी खाल्ले, थुंकले, आणि तांड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "याडी, मीठ आन! शंकऱ्याच्या संत्र्याचं लोणचं घालू!"

कलम ४. कय्युमभाईंचे म्हणणे असे की मुळे जोरदार आहेत, बाग वाया गेलेली नाही. झाडे गुडघाभर ठेवून कापायची. नवी फूट येईल, तिच्यावर पुढच्या थंडीत डोळे बांधायचे. मात्र ऊन तापायच्या आत कापली पाहिजेत, नाहीतर वर्ष जाते. सबब माझ्या मृत्यूनंतर कय्युमभाईंनी सर्व झाडे कापावीत व डोळे त्यांच्याच झाडांचे बांधावेत. माझ्या हयातीत एकाही झाडाला कोणी हात लावू नये.

हे कलम मी बिजलीबाईला वाचून दाखवले. ती आमच्या बोलीत बोलली, मी इथे मराठी करून लिहितो.

"तुमी मेले तं संत्री, आन जिते राह्यले तं जंबेरी. मंग मी देवाले काय मागू?"

 

साक्षीदार म्हणून कय्युमभाईंना बोलावले. त्यांनाही वाचून दाखवले. ते म्हणाले, "मेल्यावरचं काम मले सांगू नको. तू जिता असशीन तं कुंपणावरून शिव्या देशीन, मले बी देता येतीन. मेलेल्याच्या झाडाले हात कोन लावते?"

मी उठलो, बागेत फिरून आलो, पुन्हा बसलो.

दुरुस्ती. कलम ४ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द व शेवटचे वाक्य खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. हे कलम आजपासून, मी जिवंत असताना, लागू समजावे.

आता दुपार आहे. करवतीचा आवाज इथपर्यंत येतो. कय्युमभाई आणि बिजलीबाई फांद्या नाल्याकडे ओढत आहेत. विहिरीजवळचे एक झाड मी ठेवायला सांगितले.

"ते काहून?" कय्युमभाईंनी विचारले.

"सगळ्यात उंच हाय. नागपूरवरून आलो का मीच कापीन."

"आन नाई आला तं?"

"तं तुमी पाह्यत राहा."

कलम ५. मी परत न आल्यास विहिरीजवळचे झाड कोणीही कापू नये. ते पूर्वेच्या कुंपणापलीकडून नीट दिसते.

येथवरचा मजकूर माझ्या हातचा, वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही: शंकरसिंग लखीराम राठोड

साक्षीदार:
१. कय्युम वल्द अब्दुल गनी, दिग्रस (सही उर्दूत. कलम ५ ऐकून हसले, पण सही केली.)
२. सदाशिवराव गुरुजी, पिंपळतांडा

ठिकाण: पिंपळतांडा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
ता. ११ फेब्रुवारी १९६२