दादाच्या पायाखालचा ब्रेक

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे वाक्य मला पुरं करायचंच आहे, म्हणून लिहिते. मी गाडी चालवायला शिकले. परीक्षा झाली, पास झाले, लायसन्स हातात आलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. आता घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

तुला न सांगता शिकले, त्याचं कारण तुला माहीत आहे. बावीस वर्षांपूर्वी तुझ्याच शिकवणीच्या गाडीत, तिसऱ्या दिवशी, मी गोदामाच्या भिंतीवर गाडी घातली. तू खाली उतरून, नंबर लागायची वाट बघणाऱ्या चार बायकांसमोर सांगितलंस की हिच्या हातात कवळ्याच बऱ्या, स्टीअरिंग नको. साऱ्या गावाला गाडी शिकवणारा माणूस म्हणतोय म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले आणि तेव्हापासून बसने फिरले. तक्रार नाही. बसमध्ये माझं विणकाम पुष्कळ झालं.

पण आता आमची कवळ्या बनवायची लॅब गावाबाहेर गेली आहे. दोन बस बदलून जाते, एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात लोकांचे जबडे. मागच्या आठवड्यात प्लास्टरच्या साच्यांचा खोका गर्दीत उघडला आणि कोणाचा तरी खालचा जबडा एका बाईंच्या मांडीवर जाऊन बसला. त्या किंचाळल्या नाहीत, पण पुढच्या स्टॉपवर उतरल्या.

तर कोणती गाडी घेऊ? बजेट लवचिक आहे. अंथरूण केवढं आहे ते मला ठाऊक आहे, पण पाय थोडे बाहेर गेले तरी थंडी वाजणार नाही. आणि खरं सांगते, लॅब हे अर्धंच कारण. डोळ्यांमुळे तुझं लायसन्स गेलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू माझ्याकडे आला नाहीस. आधी दरवर्षी महिनाभर यायचास, माझ्या घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून जायचास. आता सगळी दारं कुरकुरतात. मला तुला माझ्या गाडीतून घेऊन यायचं आहे. मला एवढंच पाहिजे.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी उत्तर पाठव.

तुझी,
गोटी


९ फेब्रुवारी

चि. गोटीस,
अनेक आशीर्वाद.

पास झालीस, आनंद वाटला. पहिल्या झटक्यात की दुसऱ्या, ते लिहिलं नाहीस, त्यावरून काय ते समजलो. शिकवलं कोणी ते विचारत नाही. पण क्लचवर पाय ठेवून बसायची सवय लावली असेल तर त्या माणसाने दुसरा धंदा बघावा.

आता गाडीचं. कोरी घेऊ नकोस. पहिला ओरखडा आपल्याच हातून पडायचा असतो, तो जुन्या गाडीवर पडलेला बरा. गाडी थंड असताना सुरू करून बघ. तू पोचायच्या आत विकणाऱ्याने ती गरम करून ठेवली असेल तर तो काहीतरी लपवतो आहे. चारही टायर सारखे झिजलेत का ते बघ. आणि लवचिक हा शब्द दुकानात तोंडातून काढू नकोस. आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो ती जागा टेपने मोज. रुंदी, खोली, आणि चटईखालचा पत्रा सपाट आहे की फुगलेला. मापं कळव. का ते विचारू नकोस.

माझ्या येण्याचं मनावर घेऊ नकोस. एकतीस वर्षं मी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसलो, कारण शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाखाली ब्रेक होता. म्हणूनच आज हे पत्र लिहायला जिवंत आहे. पायाखाली ब्रेक नसेल तर मी कोणाच्याही शेजारी बसत नाही, मग चालवणारा कितीही पट्टीचा असो. यात तुझा अपमान नाही, माझा नियम आहे.

बाकी माया होती तशीच आहे, भिंतीने तिला पोचा आलेला नाही.

दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पहिल्याच झटक्यात पास झाले. तुझ्या माहितीसाठी.

मी मापं कळवलेल्या तीन गाड्यांवर तुझी तीन कार्डं मिळाली: नको, नको, मुळीच नको. आमचं घोडं इथेच पेंड खातंय. रुपेरी गाडी तुला का नको ते कळलं नाही, बिचारी चांगली होती. दुसरीच्या चटईखालचा पत्रा फुगलेला होता म्हणून तू फुली मारलीस. तिसरी तर मी स्वतःच सोडली असती. त्या दुकानातल्या गृहस्थांना मी चुकून म्हणाले की बजेट थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. ते एकदाही मागे गेले नाहीत. पुढे पुढे जात मला अशा गाडीपाशी घेऊन गेले जिचा आरसा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीएवढा होता. नाकापेक्षा मोती जड.

आणि तुझी मापं. घरात बसून तू उंटावरून शेळ्या हाकतोस आणि मी इथे परक्यांच्या गाड्यांत पुढच्या सीटखाली डोकं घालून पालथी पडलेली असते. एकांनी विचारलं की कानातलं पडलं का. मी हो म्हणाले, मग तेही शोधायला लागले. तुझे गुडघे दुखतात म्हणून तू जागा मोजायला सांगतोस असं मी समजते आहे आणि म्हणूनच मोजते आहे.

आता चौथी. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंची, राखी रंगाची, सात वर्षं वापरलेली. थंड होती. एका किल्लीत सुरू झाली. टायर सारखे झिजलेत. दार लावलं तेव्हा नीट बसवलेल्या कवळीसारखा आवाज आला, वरचा जबडा खालच्यावर अचूक टेकल्यासारखा. या आवाजात मी फसत नाही, माझं पोट त्यावर आहे. मागच्या दाराला एक पोचा आहे. बाईंनी तो स्वतःहून दाखवला आणि कसा पडला तेही सांगितलं, त्यामुळे मला दोघीही आवडल्या. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. पत्रा सपाट आहे.

तू नको म्हणालास तर मी ऐकणार नाही बहुतेक, पण तू हो म्हणालास तर मला फार बरं वाटेल.

तुझी,
गोटी


१ मार्च

चि. गोटीस,
आशीर्वाद.

चौथी घे. आजच घे. मापं उत्तम आहेत. मी येतो महिनाभर. तेलाची बाटली घेऊन येतो.

दादा


४ मार्च

चि. गोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा हे समोरच बसले होते, म्हणून मला मोकळं बोलता आलं नाही. तू इतकी खुशीत होतीस की नंतरही सांगवेना. पण गुरुवारी तुझ्या दारात एक मेकॅनिक येणार आहे. ह्यांच्या ओळखीचा, तुझ्याच गावातला. त्याच्या पिशवीत ब्रेकचं एक पेडल असेल. ते तुझ्या गाडीत शेजारच्या सीटपुढे बसवायचं ठरलं आहे. तुला न विचारता. मापं त्यासाठीच होती गं, गुडघे ठणठणीत आहेत.

मी रागावले, तर म्हणाले की गोटीला काय कळणार आहे, चटईखाली राहील. मी म्हटलं, ती लोकांच्या तोंडातला केसाएवढा उंचवटा बोटाने ओळखते, तिला पेडल कळणार नाही?

पण मला ह्यांची दयाही येते. लायसन्स गेल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे क्वचितच जातात. बसमध्ये बसले तर सगळी वाट पाय दाबत असतात आणि घरी येऊन पोटऱ्या चोळतात. तुझ्याकडे यायची फार इच्छा आहे. परवापासून बॅग भरून दारामागे ठेवली आहे. हट्टी वाटतात, पण आत निव्वळ भीती आहे. काय करायचं ते तू ठरव. मी सांगितलं हे सांगितलंस तरी चालेल, मी कोणाला घाबरत नाही.

तुझं भलं चिंतणारी,
वहिनी


८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा माणूस आला होता. भला आहे. त्याला चहा दिला आणि पेडल पिशवीतून बाहेर न काढता परत पाठवलं. त्याला बोल लावू नकोस.

दादा, मला राग आला आहे आणि तो मी झाकणार नाही. तू हो म्हणालास तेव्हा मला वाटलं होतं, माझी निवड तुला पटली. गाडी घरी आणताना मी अख्ख्या वाटेवर एकटीच हसत होते. आणि तू मात्र गाडी नाही, ब्रेकची जागा निवडत होतास. तुझ्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसले. आता तुझ्या पायाखाली ब्रेक आला की मी पुन्हा तुझी शिकाऊ. एखाद्या वळणावर मी नीट थांबले, तर ते मी थांबवलं की तू, हे मला कधीच कळणार नाही. मला ते कळायला हवं आहे.

मी रविवारी सकाळी दहाला तुझ्या दारात गाडी घेऊन येते आहे. गाडीत एकच ब्रेक आहे आणि तो माझ्या पायाखाली आहे. बसायचं असेल तर बस. नसेल तर मी वहिनींच्या हातचा एक कप चहा पिऊन परत जाईन. बोलणार काही नाही, पण परत विचारणारही नाही.

राग धरूनही तुझीच,
गोटी


१२ मार्च

चि. गोटीस,
आशीर्वाद. या वेळी ते द्यायची माझी लायकी आहे का ते तू वाचून ठरव.

तीन कागद फाडले, हा चौथा. भिंतीवर गाडी तू घातली नाहीस. म्हणजे घातलीस, पण तिसऱ्या दिवशी सगळेच घालतात. शेजारी मी बसलेला असतो तो त्यासाठीच. त्या दिवशी मी खिडकीतून मान बाहेर काढून एका टेम्पोवाल्याला शिस्त शिकवत होतो. पाय सीटवर, मांडी घातलेली. तू मला हाक मारलीस, ती ऐकू आली होती. मी त्याला आणखी एक वाक्य सुनावलं आणि मग वळलो. तोवर भिंत आली होती.

खाली उतरलो तर त्या चार बायका बघत होत्या. त्यांच्यासमोर स्वतःची चूक कबूल केली असती तर दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं? म्हणून तुझ्यावर ढकलली. संध्याकाळी तुला खरं सांगायचं होतं. तू हसून विणकाम घेऊन बसलीस, मला वाटलं की विषय संपला. संपला नव्हता. त्यानंतर कोणाच्याही शेजारी ब्रेकशिवाय बसायचं माझं धाडस झालं नाही. लोक त्याला माझी शिस्त म्हणाले, मीही तेच म्हणू लागलो.

माझं चुकलं, गोटी. पेडलचंही चुकलं.

रविवारी दहाला तयार असेन. पायाची खात्री देत नाही.

तुझा,
दादा


१८ मार्च

सौ. वहिनींस,
नमस्कार.

तुम्ही फाटकातून हात हलवून इतक्या झटपट आत गेलात की दादा आल्यापासून दोनदा म्हणाला, महिनाभर घर मोकळं मिळाल्याचा हिला भलताच आनंद झालेला दिसतो.

तो सुखरूप पोचला हे फोनवर कळलंच आहे, पण वाटेतलं तेव्हा सांगता आलं नाही, कारण तो शेजारीच होता. निघाल्यावर पहिला तास त्याने एक शब्द काढला नाही, पण पाय बोलत होता. समोर सायकल दिसली की चटईवर दाब, वळण आलं की दाब. चटई गोळा होऊन पुढे जाऊन बसली. एकदा ट्रकच्या मागे मी थांबले, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की त्याचा पाय माझ्यानंतर पडला. एवढंच बोलला. मी रस्त्यावरून नजर काढली नाही, पण वहिनी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग चहाला थांबलो. परत निघताना त्याने पुढचं दार उघडलं, जरा विचार केला, लावलं, आणि मागे जाऊन बसला. म्हणाला की पुढे बसलं की पाय ऐकत नाही, मागून तो पोचतच नाही, तेव्हा भांडण मिटलं. मागच्या सीटवर आयुष्यात कधी बसलो ते आठवत नाही, असंही म्हणाला. बूट काढले, पाय वर घेतले आणि बाहेरची झाडं बघायला लागला. पाच मिनिटांनी आरशात बघते तर गाढ झोपलेला. तोंड उघडं. वरच्या उजव्या दाढेला टोपी बसवावी लागणार आहे, तेही तेव्हाच दिसलं.

पुढचा सगळा रस्ता मी खड्डे चुकवत, गिअर हलक्या हाताने बदलत आले. दुपारी चारला माझं फाटक दिसलं. चहा ठेवायचा होता, सकाळपासून बसून पाठ आखडली होती. पण गाडी थांबली असती तर तो जागा झाला असता. मी फाटकासमोरून तशीच पुढे गेले आणि पूर्ण वस्तीला एक चक्कर मारली. मग आणखी एक.

माझ्यावरची माया अशीच वाढती ठेवा.

तुमची,
गोटी