टीव्ही आमचा, अँटिना त्यांचा

बुधवार, ८ नोव्हेंबर १९९५
बुधवार म्हणून भाकरी सहालाच उरकल्या. साडेसातला 'उलट टपाल' मालिका. सव्वासातला टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. ह्यांनी दारातून वर तोंड करून आवाज दिला, "आलं न्हाई!" धाब्याच्या छतावरून सदाभाऊजी, "आता?" "न्हाई!" "आता?" "जरा उगवतीला... बस बस, आलं!" सख्खे भाऊ. सहा महिने झाले, एकमेकांशी बोलतात ते एवढंच.

मंग भाऊजी उतरून आमच्या दारासमोर अंगणात स्वतःचं पोतं टाकून बसतात. ह्या घरात पाऊल टाकणार न्हाई, पाणी घेणार न्हाई, अशी शपथ खाल्लीय. त्यांना दिसावं म्हणून टीव्हीचं तोंड दाराकडं. हे आत, पाटावर, पाठ ताठ करून. त्यांची बायको शोभा तेवढी आत येती, माझ्याजवळ टेकती. तिला परवानगी आहे. बुधवारची, अर्ध्या तासाची.

आज नारायण पोस्टमन बारवेच्या पायऱ्या उतरून चाळीस वर्षं मागं गेला न् एका म्हातारीला तिच्या लेकाचं हरवलेलं पत्र देऊन आला. शोभा हमसून रडली. सातवा महिना आहे तिला. मी पाठीवरून हात फिरवत राह्यले. अर्ध्या तासात किती फिरवायचा?

गुरुवार, ९ नोव्हें.
डोकं तापलेलंच आहे कालपासून. वाटणीच्या दिवशी पंच म्हणले, जे ज्याच्या छताखाली ते त्याचं, जे ज्याच्या छतावर ते त्याचं. झालं! टीव्ही आमच्या खोलीत म्हणून आमचा, अँटिना त्यांच्या धाब्यावर म्हणून त्यांचा. पाचही शहाण्यांनी माना डोलावल्या, चहा पिला, गेले. भांडण कशावरून? विहिरीवरच्या मोटारीची पाळी. कुणी दोन घंटे जास्त चालवली म्हणून.

आणि शोभा माझी सख्खी बहीण. आई गेली तवा नववीत होती. हे स्थळ मीच सुचवलं, दिरासाठी मीच हट्ट धरला. का, तर दोघी जन्मभर एका चुलीपाशी बसू. बसलो! मधी भिंत घालून बसलो. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तिचं माहेर म्हणजे मी, न् मी भिंतीपलीकडं. हे म्हणतात, "त्यांच्या घरी जायाचं न्हाई म्हणजे न्हाई." मोठे आले.

बुध. १५ नोव्हें.
आज नवल झालं.

नारायण पोस्टमन शेवटचं पत्र घेऊन बारवेत उतरला. ते पत्र त्याच्या स्वतःच्या भावाचं, घर सोडून गेलेल्या. तो खाली पोचला न् पाणी चढायला लागलं. पायऱ्या बुडाल्या. वर त्याची बायको सुमती कंदील घेऊन उभी. इथंच संपवलं मेल्यांनी!

कुणी उठंना. मंग हे टीव्हीकडं बघतच म्हणले, "येतो वर. पोस्टमन आहे, पत्र पोचवल्याबिगर राहायचा न्हाई."
अंगणातून भाऊजी, "कसा येईल दादा? वाटच बुडाली ना."
दादा! तोंडातून निसटलं त्यांच्या. ह्यांच्या मानेची शीर हलली, मी बघितलं.
"दुसरी वाट असंल."
"बारवेला एकच वाट असती."
"तुला लई माहीत."
"पुढच्या बुधवारी बघा."
"बघू की."
शोभानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. ती जाताना मी तिच्या पदरात मूठभर बोरं टाकली. ह्यांनी बघितलं. न् उठून टीव्ही बंद केला.

मंगळ. २१ नोव्हें.
उद्या बुधवार. हे सकाळीच म्हणतात, "त्या भोकरदनच्या मेकॅनिकाकडून टीव्ही एकदा साफ करून आणला पायजे." सहा महिन्यांत धूळ पुसली न्हाई! कापूस वेचताना शोभा दुरून दिसली, पोट धरून वाकत होती. उद्या सांगणार तिला, वेचणीला जाऊ नको म्हणून. उद्या ह्यांच्यासमोरच सांगणार. पोह्यांचा चिवडा केलाय, भाऊजींना आवडतो. खाल्ला तर खाल्ला.

बुध. २२ नोव्हें.
सत्यानाश.
साडेसातला चित्र आलं, स्वच्छ आलं. पण 'उलट टपाल' न्हाई. एक साहेब ज्वारीवरच्या किडीवर बोलत बसल्ता. हे ओरडले, "दुसरंच लागलंय, फिरव!" भाऊजींनी फिरवला. मुंग्या. परत फिरवला. परत तोच साहेब, तीच कीड. अर्धा घंटा हेच. मी म्हणलं, अहो, अँटिनाचं न्हाई हे, टीव्हीवाल्यांनीच दुसरं लावलंय. कोण ऐकतंय! इथं टीव्हीत काही बिघडलं की अँटिनाच फिरवायचा, दुसरं काही माहीतच न्हाई कुणाला.

आठ वाजले न् ह्यांचं तोंड सुटलं. "मुद्दाम केलंस सद्या! नारायण वर आला असता न् तुझं खोटं पडलं असतं, म्हणून फिरवलास!"
वरून भाऊजी, "म्या? खटका तुमच्या हातात! तुम्हीच फिरवला, मला बघू द्यायचं न्हाई म्हणून!"
"वाटणीतबी असाच खोटा वागलास."
"बापाच्या जाग्यावर बसून भावाचं पाणी तोडलं, ते कोण?"
सगळी गल्ली गोळा झाली. भाऊजींनी पाईपासकट अँटिना उपसला, धाब्यावर आदळला न् वायर तोडून आमच्या अंगणात फेकली. "घ्या! बघा आता!" मंग शोभाला हाक, "चल घरी!" ती उठता उठता धडपडली. मी धरायला गेले तर हे म्हणतात, "तू इथंच थांब."
थांबले. का थांबले? माझ्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटून राह्यलं.

गुरु. २३ नोव्हें.
चिवडा गाईला घातला.

शनि. २५ नोव्हें.
भोकरदनला मीटिंग. आमच्या अंगणवाडीच्या मुख्यसेविका मॅडम टीव्हीच्या शौकीन. सहज विचारलं, मॅडम, बुधवारी 'उलट टपाल' काहून न्हाई लागलं? त्या म्हणल्या, "अगं, बंद केली ती. पेपरात चार ओळी आल्त्या. जाहिराती मिळेनात म्हणे."
बंद? म्हणलं, शेवट?
"शेवट काय, केलाच न्हाई. आता ते शेतीचं दाखवणार."
मीटिंगमधलं एक अक्षर कानात शिरलं न्हाई. बंद करा ना, तुमचा टीव्ही, तुमची मर्जी. पण दोन मिनिटं एखादी बाई बसवून सांगायचं तरी, की मायबाप हो, ही मालिका आम्ही थांबवली, तुमच्या अँटिनाचा दोष न्हाई. दोन मिनिटं! त्या दोन मिनिटांपायी माझ्या घरातले दोन माणसं परत वैरी झाले. कुणाला जाब विचारायचा?

रवि. २६ नोव्हें.
सांगितलं दोघांना.
ह्यांना, जेवताना. घास थांबला. म्हणले, "असंल. पण भावाचं पाणी तोडलं म्हणला, तेबी मालिकेतलं होतं का?"
भाऊजींना, रस्त्यात गाठून. ऐकलं. मान खाली. "वयनी, मला खोटा म्हणले ना. चारचौघांत. आता दादांनी यावं न् म्हणावं, सद्या चुकलं माझं."
म्हणजे कारण गेलं न् भांडण राह्यलं. काय म्हणावं ह्या दोघांच्या अकलेला!
टीव्हीवाल्यांना कार्ड टाकलं. "साहेब, नारायण पोस्टमनला पाण्यात सोडून तुम्ही घरी कसे गेलात? सुमती अजून कंदील घेऊन उभी आहे. कळवावे." खाली नाव, मुक्काम धावडा, ता. भोकरदन. जागा उरली तिथं लिहिलं, लाज वाटू द्या. आता त्याची बिलकुल लाज वाटत न्हाई.

बुध. २९ नोव्हें.
साडेसात. टीव्हीवर मीच चादर टाकली. हे पाटावर बसून चादरीकडं बघत राह्यले. मला हसूबी आलं न् रागबी. रागच जास्ती.
बसले असताना डोक्यात आलं. मी अंगणवाडी सेविका. गावातल्या गरोदर बाईच्या घरी भेट देणं माझी नोकरी. माझ्या रजिस्टरात शोभाचं नाव आहे, मीच लिहिलंय, न् सहा महिने तिच्या भेटी मदतनीस बाईला करायला लावल्या, नवरा न्हाई म्हणला म्हणून! सरकारनं कधी न्हाई म्हणलंय?

गुरु. ३० नोव्हें.
गेले. भरदुपारी, रजिस्टर काखेत, वजनकाटा हातात, गल्लीच्या मधून. हे ओट्यावर होते. "कुठं निघाली?" म्हणलं, ड्यूटीवर. "कुणाकडं?" म्हणलं, रजिस्टर वाचून दाखवू का? त्यांनी तंबाखू मळायला घेतली.
शोभानं दार उघडलं न् आधी माझ्या मागं बघितलं. एकटीच आलीस का आक्का, म्हणली. वजन भरलं न्हाई तिचं. पायावर सूज. लोहाच्या गोळ्या तशाच डब्यात पडलेल्या. कडू लागतात म्हणे. कडू! मी रागावले, ती रडली, मंग दोघी रडलो. दोन घंटे बसले. रजिस्टरात भेटीचा वेळ वीस मिनिटं लिहिला.

सोम. ४ डिसें.
तिसरी भेट. आज शोभानं सांगितलं. भाऊजींना जालन्यात एमआयडीसीत काम लागलं, सळया बनवायच्या कारखान्यात. रविवारी टेम्पो येणार. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर देणार. खोली बघून आलेत.
"असल्या दिवसांत?" म्हणलं. "तिथं कोण आहे तुझं?"
"इथं तरी कोण आहे?" ती म्हणली. मंग लगेच, "तसं न्हाई आक्का..."
तसंच आहे. ती खरं बोलली न् मला झोंबलं. ती भिंतीपलीकडं उलट्या करीत होती तवा मी इकडं बसून भाकरी थापत होते. नवऱ्यांचा अबोला दोघींनी बराबर पाळला. कुणी लग्नात शपथ घातली होती का आम्हाला?

बुध. ६ डिसें.
टीव्हीवाल्यांचं उत्तर न्हाई. येणारबी न्हाई.
साडेसातला शोभाकडं गेले. रजिस्टर न्हाई नेलं. तिच्या चुलीपाशी बसून आम्ही नारायणचं काय झालं ते ठरवायला बसलो. ती म्हणली, "आक्का, त्याला वर येऊ दे." म्हणलं, मी कोण येऊ देणारी? पाणी चढलंय. ती म्हणली, "मंग सुमतीला खाली उतरू दे. नुसती उभीच काहून राहती ती बाई? पंधरा भाग झाले, कंदील घेऊन उभी!"
खरंच की. पंधरा भागांत त्या बाईला एक पाऊल टाकू दिलं न्हाई लिहिणाऱ्यानं. त्याच्यावरबी राग आला मंग.
तर नारायणराव, रामराम. तुम्हाला पाण्यात सोडून ते लोक हात धुवून मोकळे झाले. तुमच्यापायी ह्या घरात एकदा 'दादा' ऐकू आलं, ते मी विसरायची न्हाई. आमच्याकडून तुमचं टपाल संपलं.

शनि. ९ डिसें.
ह्यांना सांगितलं, उद्या जाऊन भावाशी बोला, न्हाईतर मीबी टेम्पोत बसते. बाळंतपण करूनच येईन. महिन्याची रजा टाकलीय, मॅडमनी सही केलीय. हे हसले. "बसशील बसशील." त्यांना वाटतं मी नुसती बोलते. बारा वर्षं नुसती बोललेच, त्यांचा तरी काय दोष.

रवि. १० डिसें.
सात वाजता टेम्पो. हे गोठ्यात, एकाच बैलाला घंटाभर खरारा. भाऊजींनी सामान चढवता चढवता चारदा गोठ्याकडं बघितलं. चारदा! मोजले मी. दोघांतल्या एकानं दहा पावलं टाकली असती तर... न्हाई टाकली.
मी पिशवी उचलली न् शोभाजवळ जाऊन बसले. ड्रायव्हरनं टेम्पो चालू केला तवा हे बाहेर आले. "अगं, खरंच?" म्हणलं, पीठ डब्यात आहे, दळण मंगळवारी टाका. "अन् लोक काय म्हणतील?" म्हणलं, विचारून ठेवा, आल्यावर सांगा.
वडाच्या वळणापर्यंत मागं बघितलं न्हाई. मंग बघितलं. रस्त्यात उभे होते, खरारा हातात.

बुध. १३ डिसें., जालना
एक खोली, पत्रा, मोरी दाराशी. कारखान्यांचा आवाज बंद होत न्हाई. शोभाची सूज उतरली जराशी. गोळ्या माझ्यासमोर गिळती, तोंड वाकडं करून.
पाचला दार वाजलं. हे. तीन दिवसांत दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला. म्हणले, "चल घरी. हाल चाललेत माझे." म्हणलं, आत या. "न्हाई. सद्यानं म्हणलं पायजे, दादा आत या." भाऊजी कारखान्यातल्या पाळीवरून आलेले, मोरीवर हात धूत होते. माझ्याकडं बघून म्हणले, "वयनी, त्यांना सांगा, त्यांनी आधी म्हणावं, सद्या चुकलं."
मधी मी, एकाचं दुसऱ्याला सांगायला! टाळकं सरकलं. म्हणलं, मी कुणाचं टपाल पोचवणार न्हाई. तोंडं तुमची, जिभा तुमच्या. तुमच्यापायी माझी बहीण सहा महिने एकटी राह्यली, ते आधी दोघांनी तिला विचारा, कसं काढलंस म्हणून. मंग एकमेकांचं बघा.
शोभा दोघांकडं बघत भिंतीला टेकून बसली. तिला कुणी काही विचारलं न्हाई अजून.
सात वाजत आले. हे बाहेर रस्त्याच्या कडेला दगडावर, भाऊजी दारात. मधी चार हात जागा. आत्ता भाऊजींनी काहीतरी म्हणलं, स्टोच्या आवाजात मला ऐकू आलं न्हाई. ह्यांनी मान वळवली.
शोभा विचारून राह्यली, "आक्का, भात किती टाकू?"
म्हणलं, चौघांचा टाक. भात होईपर्यंत वाट बघायची. न्हाई आले तर आपण दोघी जेवून घेऊ.