ठमीचा कान आणि मामाचं पथ्य

मु. खालापूर,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १९४६

तीर्थस्वरूप सहदेवदादा यांच्या पायांशी धाकट्या आबाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे गोदाताईच्या घरी सगळी खुशाल आहेत, एक मी सोडून. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? भाताची गिरणी भरात असताना ‘दोन दिवसांत येतो’ म्हणून गेलेला भाऊ अकरा दिवस कुठे मेला, असं तू विचारलंस. (पोस्टकार्डावर विचारलंस, म्हणजे पोस्टमननं ते आधी सगळ्या आळीला वाचून दाखवलं.) तर ऐक.

भाचीचा कान टोचताना तिला मामाच्या मांडीवर बसवतात. तुला गिरणी सोडवेना, म्हणून तू मला पाठवलंस. सोनारानं टोचून सोन्याची तार अडकवली, ठमीनं माझ्या मांडीला कडकडून चावा घेतला, आणि मला वाटलं, संपलं. संध्याकाळी खोपोलीहून गाडी धरू. पण ताईच्या सासूबाई, अंबाबाई, यांचं शास्त्र वेगळं. “ज्याच्या मांडीवर पोर बसली, त्यानं कान बरा होईस्तोवर पथ्य पाळायचं. त्यानं भलतंसलतं खाल्लं, की कान पिकलाच!” झालं. वांगं बंद, चिंच बंद, सुक्या मासळीचं तर नाव नको. पोरीला मात्र सगळं चालतं. (ती माझ्यासमोर बसून चिंच चोखते.) पाचव्या दिवशी शेजारच्या हिरामणकडे मी चिमूटभर जवळा खाल्ला, आणि सहाव्या दिवशी कान सुजला. ठमी त्याच कुशीवर झोपते, केस तारेत अडकवते, मातीचे हात कानाला लावते, हे मी घसा फोडून सांगितलं. पण अंबाबाईंनी माझं तोंड हुंगलं आणि खटला निकालात निघाला. “मेल्या, पोरीचा कान तुज्या जिभेनं पिकवला रं!”

शिक्षा म्हणून सगळं औषधपाणी माझ्या गळ्यात. सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं कान पुसायचा, हळद घातलेलं खोबरेल लावायचं आणि तार हलकेच फिरवायची. नाही फिरवली तर चिकटते, आणि भोक बुजलं तर पुन्हा टोचणं आलं. या धास्तीनं माझ्या तोंडचं पाणी पळालंय. मी तार फिरवायला लागलो, की ठमी माझा कान धरते. तिला दुखेल तितका तिनं तो पिरगळायचा, असा आमचा करार आहे. तिची सूज उतरली, माझा कान सुजलाय. असल्या घरात माणसानं राहावं तरी कसं!

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (आणि उपाशी)
आबाजी

ता. क. अंबाबाईंनी मला परवाच मोकळं केलं. औषध ताई लावणार होती. पण तिनं कानाला हात लावताच ठमी माळ्यावर जाऊन बसली. “आबामामाच पायजे. त्यो हळू करतो,” म्हणाली. दादा, मला तिथल्या तिथे रडू आलं.

आणखी एक. उजवा कान अजून टोचायचाच आहे. त्या दिवशी डावा टोचून होताच ती पळाली होती. गुरुवारी सोनार पुन्हा येतोय. गिरणीवर महिनाभर दुसरा माणूस बघ. तू मात्र तोवर इकडे फिरकू नकोस. थोरला मामा दिसला, की मांडीचा मान त्याचा, असं अंबाबाई म्हणतील. आणि तो मान मी कुणाला देणार नाही.